डिसेंबरच्या पानावरचे तीन राजे

२६ ऑक्टोबर, रविवार

रविवारची कॉफी झाली की माझा नवरा लोथार माशांच्या टाकीसमोर गुडघे टेकून बसायचा आणि मी स्टुलावर चढून पाण्यावर दिवा धरायची. दिवा हलू नये म्हणून मी श्वाससुद्धा रोखून धरी. कॅमेऱ्यावरून डोळा न काढता तो म्हणायचा, श्वास घे गं, मासे बुडायचे नाहीत. माझ्या हाताला रग लागायची, ताटलीतला केक वाळायचा आणि केव्हातरी तो म्हणायचा, झालं. नेमकं काय झालं ते मला फोटो छापून आल्यावरच कळे. अशा किती दुपारी गेल्या. त्यांतली एकही खास नव्हती.

आज हिवाळी वेळेसाठी घड्याळं तासभर मागे केली. फुकट मिळालेला तास सत्कारणी लावावा म्हणून लिहायला बसले.

निश्चय: आमच्या मत्स्यमंडळाच्या कॅलेंडरातलं डिसेंबरचं पान यंदा माझं. लोथार होता तोवर ते त्याचंच असायचं. तो गेल्यापासून दोन वर्षं त्यावर एवाल्डचे गप्पी मासे पोहतात. एवाल्ड म्हणजे मंडळाचा अध्यक्ष, भूगोलाचा निवृत्त मास्तर. पृथ्वी गप्पींसाठी फिरते असं त्याचं मत आहे. यंदा तिथे आमचे तीन लोच जातीचे मासे येणार. वीतभर लांब, केशरी अंग, त्यावर तीन काळे पट्टे. लोथारने ते जानेवारीत, बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांच्या सणाला घरी आणले, म्हणून त्या राजांचीच नावं: कास्पर, मेल्किओर आणि बाल्थासार. मुलं झाली नाहीत, हे तिघे झाले. आता पंचविशी ओलांडली त्यांनी.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, उजवा आधी करू, फार थांबलात तर कठीण होईल. उन्हाळ्यातली तारीख मी पुढे ढकलली. घाबरून नव्हे. फोटो काढायला डोळे लागतात. ऐन कामाच्या दिवसांत त्यांना सुरी कोण लावू देईल? आधी फोटो, मग डोळा. हा साधा क्रम आहे.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

दोष काचेचा आहे.

दुपारभर फोटो काढले. सगळे धुकट, जणू तिन्ही राजे दुधात पोहताहेत. बाहेरून काच व्हिनेगरने पुसली, आतून पात्याने खरवडली. पुन्हा काढले. दूधच. मग पाणी बदललं. तरी दूध. म्हणजे लेन्स. पण लेन्सबद्दल वाईट बोलवत नाही, ती लोथारची आहे.

शिवाय तिघे एकत्र येत नाहीत. कास्पर हावरा, माझी सावली दिसली की पुढे. मेल्किओर त्याच्या मागे. बाल्थासार टाकीत शोभेला बुडवलेल्या झाडाच्या मुळाखाली. फोटोत तिघे हवेत, दोन राजांना कोण विचारतं?

स्टुलावरून उतरताना एक पायरी कमी भरली. जरा वेळ जमिनीवर बसून राहिले. तेवढ्यात लक्षात आलं की खालून कोन चांगला मिळतो. उद्यापासून जमिनीवरूनच.

१ नोव्हेंबर, शनिवार. सर्व संतांचा दिवस

स्मशानात जाऊन लोथारच्या कबरीवर शेवंती ठेवली, लाल मेणबत्ती लावली, फोटोंची प्रगती सांगितली. बराच वेळ बोलले. मन हलकं झालं.

संध्याकाळी माझी नणंद उर्सेल हिचा फोन. म्हणाली, "रोस्विता, तुझी शेवंती डेमिंगच्या कबरीवर काय करतेय?"

डेमिंग म्हणजे आमचा जुना शेजारी. कुंपणावरून लोथारने त्याच्याशी मरेपर्यंत अबोला धरला होता. मी उर्सेलला म्हटलं, आजकाल दगडावर अक्षरं किती बारीक कोरतात! ती म्हणाली, "दगड सहा वर्षांचा आहे, अक्षरं माझ्या तळहाताएवढी आहेत. दादाला हे कळलं असेल तर त्याने आत्तापर्यंत कबरीत कूस बदलली असेल."

उर्सेलचे दोन्ही डोळे झालेत. तेव्हापासून तिला सगळंच दिसतं. हे काही सुख नव्हे.

फुलं डेमिंगकडेच राहू दिली. सणाच्या दिवशी मेलेल्या माणसाकडून काय परत मागायचं?

४ नोव्हेंबर, मंगळवार

मूळ कारण सापडलं. काचेत खोलीचं प्रतिबिंब पडतं. लोथार काळं कापड वापरायचा. ते सापडेना, म्हणून त्याच्या अंत्यविधीचा माझा काळा स्कर्ट उसवला, लेन्सपुरतं भोक पाडलं आणि टाकीसमोर टांगला. खिडक्यांची शटरं भर दुपारी खाली ओढली. स्कर्टमध्ये डोकं घालून बसले.

फार शांत वाटलं. फक्त फिल्टरची बुडबुड.

तेवढ्यात खांद्यावर हात पडला. मी किंचाळले. मागे त्याहून मोठी किंकाळी. उर्सेल! रस्त्यावरून शटरं बंद दिसली म्हणून तिच्याकडच्या किल्लीने आत आली, तर अंधारात मी जमिनीवर, डोकं काळ्या कापडात, हालचाल नाही. तिला वाटलं, गेली. मग दोघी जमिनीवरच बसलो, एकमेकींचे हात धरून. तिचे हात गार पडले होते.

जरा सावरल्यावर म्हणाली, "मेली असतीस तर एक वेळ समजू शकले असते. पण हे काय?"

तिने फोटो पाहिले. म्हणाली, "अगं, फोटो स्वच्छ आहेत. दगडावरचं शेवाळ मोजता येईल इतके स्वच्छ." भल्या मनाची आहे. दिवंगत भावाच्या कॅमेऱ्याला ती वाईट कसं म्हणेल?

७ नोव्हेंबर, शुक्रवार

खानावळीच्या मागच्या खोलीत मंडळाची बैठक. माझा सर्वांत चांगला फोटो पडद्यावर दाखवला. तिन्ही राजे एका रांगेत. मी उभी राहून ओळख करून दिली: डावीकडे कास्पर, मध्ये मेल्किओर, उजवीकडे लाजरा बाल्थासार.

खोलीत कुणीतरी खोकलं. एवाल्ड उठला, पडद्याजवळ गेला, आणि शाळेत नकाशावर फिरवायचा तशी पेन्सिल फिरवत म्हणाला, "दोन लोच. आणि हे मूळ. मुळाचा फोटो मात्र फार सुंदर आलाय, रोस्विता."

सगळे हसले. मीही हसले. त्यांचा प्रोजेक्टर जुना आहे, हे चारचौघांत बोलून दाखवलं नाही.

एवाल्डने पंधरा तारखेपर्यंत पान मोकळं ठेवायचं कबूल केलं. "नाहीतर माझे गप्पी तयारच आहेत," म्हणाला. ते कायमच तयार असतात.

घरी सोडायला त्याने गाडीचं दार उघडून धरलं. मी मागच्या दारातून बसायला गेले. मागचं दार बंद होतं. अंधार होता.

१० नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातून फोन. कुणाचीतरी वेळ रिकामी झाली आहे, पुढच्या आठवड्यात येता का? मी म्हटलं, सध्या कामात आहे. ती मुलगी म्हणाली, नोकरी करता का? मी म्हटलं, मी वन्यजीव छायाचित्रकार आहे. तिने ते लिहून घेतलं.

आमच्या नन्सच्या शाळेत वर्गाच्या भिंतीवर डोळ्यांची राखण करणाऱ्या संत ओडिलियाचं चित्र होतं. तिच्या हातात उघडं पुस्तक आणि पानावर दोन डोळे, नुसते डोळे, थाळीत ठेवावेत तसे. शुद्धलेखनाच्या वेळी सिस्टर अ‍ॅडेलगुंड म्हणायची, मुलींनो, मी पाठ फिरवली तरी ओडिलिया बघतेय. मी दुसऱ्या रांगेत, बरोबर त्या डोळ्यांसमोर. तेव्हापासून अर्धं उकडलेलं अंडं मला बघवत नाही. सिस्टर वाईट नव्हती. ताप आला की कपाळावर तिचा गार हात असायचा, आणि त्या हाताला साबणाचा वास यायचा. पण ते चित्र तिने एकदा तरी उतरवायला हवं होतं.

आता म्हणे डोळा उघडा ठेवतात, माणूस जागं असतं, आणि आतलं भिंग फोडून शोषून काढतात. डॉक्टरीणबाई हे हसत सांगत होत्या. त्यांचे दात फार छान आहेत.

मी घाबरत नाही. मला फक्त ते चालू असताना तिथे असायचं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

जमलं!

तिघे एकत्र आले! पंचवीस वर्षांत असं झालं नसेल. सकाळपासून तिन्ही राजे फिल्टरच्या झोताशी, पाण्याच्या वरच्या अंगाला, शेजारी शेजारी, सकाळच्या प्रार्थनेला जमल्यासारखे. बाल्थासारसुद्धा. इतका खुशीत की मध्येच दगडाला अंग घासून गिरकी घेतो, नाचतोच जणू. कास्परने सकाळचं खाणं सोडलं. त्यालाही कळलं असणार, आज फोटो आहे.

हात स्थिर होता. श्वास रोखला नाही. भराभर काढले.

मोठे करून पाहिले तर काय चमत्कार! तिघांच्या अंगावर, परांवर, बारीक पांढरी चमक. कोवळं हिम भुरभुरावं तशी. डिसेंबरच्या पानाला याहून शोभेल असं काय? लोथारच्या फोटोंत ही चमक कधी आली नव्हती. (हे त्याला सांगणार नाही.)

उर्सेलला फोनवर म्हटलं, बघ, डोळे अगदी ठीक आहेत. ती म्हणाली, "मांजर डोळे मिटून दूध पितं, तू डोळे मिटून फोटो काढतेस." मत्सर.

एवाल्डला शुक्रवारी कॉफीला बोलावलंय. सफरचंदाचा केक करते. हरलेल्या माणसाशी गोड वागावं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

एवाल्डने केकचा दुसरा तुकडा नको म्हटलं. असं आजवर झालं नव्हतं.

आला तेव्हा थट्टा करत होता. म्हणाला, दाखव तुझे राजे, मुकुट धरून आहेत की नाहीत बघू. मी संगणकावर फोटो लावला. मी हिमाबद्दल सांगत होते. तो खुर्ची पुढे ओढून वाकला. चष्मा कपाळावर सरकवून अगदी जवळून पाहू लागला. मग हळूच म्हणाला, "रोस्विता, हे हिम नाही."

मग उठून टाकीपाशी गेला आणि लोथार बसायचा तिथेच गुडघे टेकून बसला. गुडघे कडकड वाजले. खूप वेळ पाहत राहिला.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. अंगावर रवा सांडावा तसे ठिपके. लोच माशांना तो लवकर होतो आणि फार जड जातो. तिघांनाही झालाय, मेल्किओरला सर्वांत जास्त. दम लागतो म्हणून झोताशी येतात. खाज सुटते म्हणून दगडाला घासतात.

म्हणाला, "हे कालचं नाही गं. कधीपासून आहे?"

मी म्हटलं, मी त्यांना रोज बघते.

तो उठला, कोट चढवला. औषध आणायला स्वतःच गेला. बाटली ठेवून, पाणी हळूहळू कोमट कसं करायचं ते सांगून, दारातून पुन्हा वळला. म्हणाला, यांच्या अंगावर खवले नावालाच, म्हणून औषध निम्मं. जास्त झालं तर औषधानेच मरतील. थेंब नीट मोज.

१५ नोव्हेंबर, शनिवार

थेंब दिसत नाहीत.

बाटली चमच्यावर तिरकी धरली, उजेडात धरली, खिडकीत नेली, लोथारचं भिंग लावलं. बाटली दिसते. चमचा दिसतो. मधलं काही दिसत नाही. पडला की नाही, एक पडला की तीन, कळत नाही. बोटाला ओल लागली. पाणी फेकलं, पुन्हा सुरुवात केली. कमी घालावं तर ठिपक्यांनी मरतील. जास्त घालावं तर माझ्या हातून मरतील. मागे फिल्टरची बुडबुड. तिघे वर आलेले असणार, तोंडं उघडत मिटत. मला नुसता केशरी डाग दिसत होता.

चमचा हातात धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. इतकी भीती मला लोथारच्या शेवटच्या आठवड्यातही वाटली नव्हती. तेव्हा निदान त्याचा चेहरा दिसत होता.

उर्सेलला फोन केला. फक्त तिचं नाव घेतलं. ती घरातल्या एप्रनवर कोट चढवून, पायात सपाता, तशीच आली. दारातच ओरडली, "काय झालं? पडलीस?" मी बाटली पुढे केली.

तिने थेंब मोजले, मोठ्याने, शाळेतल्यासारखे. पाण्यात सोडले. चमचा धुतला, फडक्याला पुसला. मग माझं तोंड दोन्ही हातांत धरून म्हणाली, "अगं बये, तुला मी दिसते तरी का?"

मी म्हटलं, दिसतेस की. निळा स्वेटर.

स्वेटर हिरवा होता म्हणे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

दवाखान्यात मी स्वतःहून फोन केला. भीती गेली म्हणून नव्हे. कॅलेंडरची मुदत टळली, आता वेळ आहे, एवढंच. डिसेंबरच्या पानावर गप्पी गेले. एवाल्डने ते सांगितलं तेव्हा त्याच्या आवाजात जराही आनंद नव्हता. मलाच त्याचं वाईट वाटलं.

फोनवरची तीच मुलगी. मी विचारलं, मध्येच शिंक आली तर? ती म्हणाली, "तसं सांगा, आम्ही थांबतो." सांगायला वेळ मिळतो का? म्हणाली, "अहो बाई, शिंक येण्याआधी कळतं की नाही?"

कळतं का? आयुष्यात कधी लक्ष दिलं नाही. दुपारी मिरपूड घेऊन सराव केला. कळतं, पण बोलता येत नाही. "मला शिं—" एवढंच होतं. उर्सेल म्हणाली, तेवढं पुरे, त्या काही भाषाशास्त्रज्ञ नाहीत.

ठरलेली तारीख: तीन डिसेंबर. फोन ठेवताना ती मुलगी म्हणाली, वन्यजीवांना तेवढे दिवस सांभाळून घेतील ना कुणी?

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी एवाल्ड ठिपके मोजायला येतो, संध्याकाळी उर्सेल थेंब मोजायला. दोघांनाही केक लागतो. माझ्या वाट्याला केक करणं आणि घाबरणं.

काल मेल्किओर तळाशी जाऊन राहिला. त्याचे कल्ले फार जोरात उघडमीट करत होते, असं एवाल्ड म्हणाला. मी विचारलं, जगेल का? तो म्हणाला, "मी भूगोल शिकवायचो." मग ओशाळून म्हणाला, बघू, उद्यापर्यंत बघू.

मी टाकीसमोर जपमाळ घेऊन बसले. माशांसाठी प्रार्थना चालते का ते सिस्टरला विचारायचं राहून गेलं. चालत असावी. देवाने मासे आमच्या आधी केले.

रात्री झोप नाही. उजव्या डोळ्याला कुणी हात लावतंय असं वाटून दोनदा उठले.

२९ नोव्हेंबर, शनिवार

ठिपके गेले, असं एवाल्ड म्हणतो. उर्सेलने त्याच्यामागे जाऊन पुन्हा तपासलं. दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं. बाल्थासारने काकडीची चकती कुरतडली. मेल्किओर मुळाखालून बाहेर आला. एवाल्ड म्हणाला, बघ, बघ, आला!

मी म्हटलं, हो, दिसला.

खरं तर केशरी काहीतरी डावीकडून उजवीकडे गेलं. तो कास्परही असेल. पण हो म्हटलं, आणि एवाल्डने माझा हात दाबला, तेव्हा रडूच आलं. केक करपला.

३ डिसेंबर, बुधवार

आज. उर्सेल थोड्याच वेळात न्यायला येईल. तिचं म्हणणं, दुपारच्या कॉफीला आपण घरी असू, दात भरून घेण्याइतकं सोपं, आणि तिला स्वतःला तर मध्येच डुलकी लागली होती. मला हे सगळं ठाऊक आहे. मी अजिबात घाबरलेली नाही. रात्रभर जागी होते, ती केवळ आवराआवर करायला. सगळं नीट ठेवायची शाळेतली सवय आहे, म्हणून चार गोष्टी लिहून ठेवते. जाड शाईने लिहितेय, कुणालाही वाचता यावं.

मोठी टाकी, दिवे, फिल्टर आणि तिन्ही राजे एवाल्डला. तिघे एकत्रच. एकाला इकडे, दोघांना तिकडे, असं केलं तर मी परत येईन. गप्पींशेजारी ठेवू नये, राजांना गर्दी सोसत नाही.

कॅमेरा आणि लेन्स उर्सेलला, तिच्या भावाच्या आहेत. दोन्ही उत्तम चालतात. कॉफीचा निळ्या फुलांचा संचही तिला. एका कपाचा कान तुटलाय, तो तिनेच तोडलाय, मी कधी बोलले नाही.

जपमाळ माझ्याबरोबर. प्रार्थनेचं पुस्तक चर्चला. काळा स्कर्ट कुणाला देऊ नये, त्याला भोक आहे.

मिरपूड संपली आहे, कुणीतरी आणावी.

फळीवर सफरचंदाचा केक झाकून ठेवलाय. मी परत आले नाही तर आलेल्या लोकांना द्यावा. आले तर तो आमचा दोघींचा आहे, म्हणून दुपारपर्यंत कुणी कापू नये. हे एवाल्डला बजावून सांगावं.

आणि एक, टाकी ज्याच्याकडे जाईल त्याच्यासाठी. हे लोच कधी कधी तळाशी कुशीवर आडवे पडतात. कल्ले हलत नाहीत, डोळा उघडा, रंग उतरलेला. पहिल्या वर्षी मी कास्परला मेला समजून जाळीत घेतलं होतं, वर्तमानपत्रही पसरलं होतं, तेवढ्यात लोथार आंघोळ अर्धी टाकून ओरडत धावत आला. हे मेलेले नसतात. पोट भरलं, दमले, की असे पडतात. तेव्हा कुणी घाई करू नये. काचेवर बोटाने हलकेच टकटक करावी आणि थांबावं.

उठतात.